आमटी अळणी, की जीभ बदललेली?

येसराची आमटी ही मराठवाड्यातील घरांची ओळख. तीच आमटी पुढ्यात असताना आजोबा ताट सारतात आणि म्हणतात, ‘हिला चवच नाही.’ सूनबाईंचे मन दुखावते, आजोबा हट्टी ठरतात. परंतु मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या व्यक्तीची ही तक्रार बहुधा खरी असते.

मूत्रपिंडे क्षीण झाली की रक्तात युरिया वाढतो आणि तो लाळेतही उतरतो. तोंडातील जिवाणू त्यापासून अमोनिया तयार करतात. त्यामुळे तोंड कडवट होते, धातूसारखी चव येते. तोंडाला पडणारी कोरड, जस्ताची कमतरता आणि काही औषधे यांचीही त्यात भर पडते. अनेकांची वास ओळखण्याची शक्ती मंदावते. मग फोडणीचा दरवळ हरवतो आणि जेवणातील निम्मी गोडी जाते. नान-खलियासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरातही काही रुग्णांना मांसाहार नकोसा होतो, तो यामुळेच.

खरा धोका पुढे आहे. घास कमी झाले की स्नायू झिजतात, अशक्तपणा वाढतो. डायलिसिसवरील रुग्णाला तर प्रथिनांची गरज अधिक असते. अंगावर सूज असेल, तर ही झीज वजनकाट्यावर दिसतही नाही. म्हणून काट्याबरोबरच ताटाकडेही लक्ष ठेवावे.

चव आणण्यासाठी मीठ, पापड, लोणचे वाढवू नये. दिवसभराचे मीठ सामान्यतः ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढे असावे. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. ते रक्तात साठले तर हृदयाची गती बिघडू शकते. त्याऐवजी जिरे, मिरे, आले, लसूण, लिंबाचे थोडे थेंब वापरून पाहावेत. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत होते.

जेवणापूर्वी दात व जीभ स्वच्छ करून चूळ भरावी. पाण्यावर मर्यादा असल्यास चूळ गिळू नये. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल, तर ते कोमट करून वाढावे. धातूची चव जाणवत असल्यास काचेची वाटी व लाकडी चमचा द्यावा. वास कळत नसेल, तर दुधाचा नासकेपणा आणि गॅसची गळती घरातील दुसऱ्याने तपासावी. जस्ताच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

उपचार घाटीत चालू असोत वा खासगी दवाखान्यात, पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना एवढे अवश्य सांगा: चव केव्हापासून बदलली, कोणते पदार्थ नकोसे झाले आणि भाकरी किती उरते. औषधात वा डायलिसिसमध्ये बदल करायचा का, हे त्यांना ठरवता येईल.

आणि आज जेवताना आजोबांना रागावू नका. ‘तोंडाला कसे लागते?’ एवढेच विचारा.