आग्वाद: पाण्याचा हिशेब आणि माणसांचा

आग्वादच्या किल्ल्यावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी पाण्यावरच लिहिलेले असते. पोर्तुगिजांनी १६१२ साली मांडवीच्या मुखाशी किल्ला पुरा केला, 'आग्वा' म्हणजे पाणी, येणारी-जाणारी गलबते येथे पाणी भरून घेत, टाक्याची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन. मग १८६४ चे दीपगृह, मग सूर्यास्त. लेख संपला!

या वर्णनांना आमची हरकत आहे. गॅलनचा आकडा पाठ असलेल्या लेखकाला त्याच किल्ल्यातील तुरुंगासाठी एक वाक्य पुरते, हे नजरचुकीने घडते असे आम्ही मानीत नाही. 'वारसा' हा शब्दच दगडाला सोवळे नेसवतो.

१९४६ साली राममनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा या तुरुंगात होते, एवढे निदान सांगितले जाते. परंतु मोहन रानडे? सांगलीहून गोव्यात मराठी शिकवायला गेलेला, म्हणजे आमच्याच व्यवसायातला हा माणूस १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात पकडला गेला, आग्वादमध्ये राहिला आणि १९६० साली त्याला पोर्तुगालच्या तुरुंगात हलवण्यात आले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तिसंग्रामाच्या विजयगाथेत ही सात वर्षे कोठे बसवायची? ती अडचणीची आहेत, कारण त्यांचा जाब केवळ लिस्बनला विचारून भागत नाही. तो दिल्लीलाही विचारावा लागतो.

तुरुंगाचे २०२१ साली संग्रहालय झाले, याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्यामुळे 'वसाहतकालीन तुरुंग' हे विशेषण आणखी रूढ होत आहे, आणि ते अर्धसत्य आहे. वसाहत गेल्यावरही तो तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता. पहारेकरी आपले, कायदा आपला, कैदीही आपलेच. ती त्रेपन्न वर्षे वारशात धरायची की नाही?

शिवाय १९७४ पासून किल्ल्याच्या खालच्या तटाला लागून एक तारांकित हॉटेल आहे. म्हणजे चार दशके एकाच किल्ल्याच्या आवारात पाहुणे आणि कैदी एकच समुद्र ऐकत होते. एक पैसे मोजून, एक शिक्षा म्हणून. आमच्या प्रवासवर्णनकारांना सूर्यास्त दिसला. या चाळीस वर्षांवर मराठीत कोणी एखादा परिच्छेद लिहिला असेल, तर तो आम्हांला वाचायचा आहे.