नवीन मशीन घेण्याआधी फेन्स मोजा

फर्निचरचं छोटं युनिट चालवताय आणि प्लायची कड जळतेय, दारं नीट बसत नाहीत? लगेच "सर, नवीन टेबल सॉ घेऊ का?" असं विचारू नका. माझं स्पष्ट मत आहे: आधी प्लग काढा आणि मोजा.

ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा. टेबलावरच्या खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढे मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा, पुन्हा मोजा. मापं वेगळी आली तर आधी बोल्ट सैल करून ब्लेड खाचेला समांतर करा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि दिवसभर फेन्सला ठोकत बसतात! त्यानंतर फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. मोजायचं मात्र लॉक केल्यावर, कारण लॉक करताना ती सरकते. मागे केसभर उघडी चालेल, आवळलेली अजिबात नको. आवळलेली फेन्स माल ब्लेडच्या मागच्या दातांवर दाबते. मग कड जळते आणि कधी तुकडा उलटा कारागिराच्या अंगावर येतो.

पैशाचं बोलायचं तर कपाटाच्या दोन बाजूंत 1 मिमीचा फरक पडला तरी फिटिंगला वेळ जातो. ती मजुरी तुम्ही कोटेशनमध्ये धरता का? नाही ना?

आणि हो, रेलवर भुसा साचला की फेन्स पुन्हा तिरकी बसते. रोज सकाळी ब्रश कोण मारणार, ते आजच ठरवून टाका.