पहाडी तोफेचा मान आणि पुलगावचा मजूर

भारतीय तोफखाना २८ सप्टेंबरला 'गनर्स डे' साजरा करतो. १८२७ साली या दिवशी मुंबई इलाख्यात उभी राहिलेली तुकडी पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. तोफ सुटी करायची, खेचरांच्या पाठीवर लादायची, डोंगरावर जोडून डागायची, हे तिचे काम. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी माणसाच्या हातून तोफा काढून घेतल्या. अपवाद ठेवला तो मुख्यतः पहाडी तोफखान्याचा. मैदानी तोफखाना हिंदी माणसाकडे आला तो १९३५ मध्ये. म्हणजे तोफ कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न शौर्याचा नव्हताच, सत्तेचा होता. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तीही शौर्य आटले म्हणून नव्हे. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करावा लागला आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.

आज पर्वतीय डिव्हिजनच्या हाताशी स्वतःची आर्टिलरी ब्रिगेड असते. १९९९ मध्ये कारगिलची शिखरे पायदळाने जिंकली ती तोफांच्या माऱ्याच्या आधाराने. पण गोळ्याविना तोफ म्हणजे नुसते लोखंड! आणि दारूगोळ्याचे देशातले सर्वांत मोठे कोठार आहे आपल्या वर्धा जिल्ह्यात, पुलगावला. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. दोन लष्करी अधिकारी गेले, सोबत आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारीही गेले. देश हळहळला, मंत्री आले.

२० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले ठेकेदाराचे मजूर होते. रोजी ठरलेली, गणवेश नाही, हुद्दा नाही. या मजुरांची जात आम्ही विचारत नाही. पण घरी ओलिताची शेती असलेला माणूस बॉम्बच्या पेट्या उचलायला जातो काय?

तोफखान्याच्या रचनेत बॅटरी आहे, रेजिमेंट आहे, ब्रिगेड आहे. या मजुराचा रकाना कुठे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, युद्धकाळात. युद्धाचे कारण पुढे करून मजुरांचे हक्क त्यांनी गुंडाळून ठेवले नाहीत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर किती नावे होती, विमा कोणी उतरवला, प्रशिक्षण कोणी दिले आणि आज त्या कामावर कोण आहे, हे वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात.