विश्लेषण : औंढ्याला ‘लायगो’ आली, नांदेडला उद्योग येतील का?

इस्लापूर, किनवट, भोकर भागातील अभियांत्रिकी पदवीधर नोकरीसाठी पुणे किंवा हैदराबादचा रस्ता धरतात. १९५६ पर्यंत नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. मग तंत्रज्ञानातील गुंतवणूक तिकडेच का गेली? आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ येथे होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’मुळे हे चित्र बदलेल का?

हैदराबाद कसे घडले?

राजधानी असल्याचा फायदा हैदराबादला झालाच. पण तिथल्या औषध उद्योगाची मुळे प्रयोगशाळांत आहेत. आज ‘आयआयसीटी’ म्हणून ओळखली जाणारी रसायनशास्त्राची संस्था तिथे १९४४ मध्ये सुरू झाली. पुढे ‘आयडीपीएल’ या सरकारी औषध कंपनीचा कारखाना आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी केलेले अंजी रेड्डी याच कंपनीत नोकरीला होते. १९८४ मध्ये त्यांनी ‘डॉ. रेड्डीज’ सुरू केली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिले. त्यामुळे नवी पद्धत शोधू शकणाऱ्या रसायनतज्ज्ञांचा भाव वाढला. ‘जिनोम व्हॅली’ आली ती १९९९ मध्ये. म्हणजे आधी संस्था, मग माणसे, मग कंपन्या आणि शेवटी मोठी गुंतवणूक.

‘लायगो’त काय होणार?

अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ही वेधशाळा टिपेल. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी २०१५ मध्ये या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. औंढ्याच्या प्रकल्पासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांच्या आत निर्वात पोकळी, लेसर आणि अतिशय अचूक आरसे अशी तिची रचना असते.

मग कारखाने औंढ्यातच येतील?

नाही. ही यंत्रणा जमिनीचा बारीकसा हादराही टिपते. अवजड वाहतूक आणि यंत्रांची धडधड तिला चालत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीलाही अशीच रेडिओ-शांतता लागते. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनला ‘लायगो’ आहे, म्हणून तिथे बेंगळूरु उभे राहिले नाही. वेधशाळेपाशी जमिनी घेऊन ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फायदा कुणाला, कसा?

निर्वात पंप, अचूक वेल्डिंग, सेन्सर, माहितीचे विश्लेषण ही कौशल्ये वेधशाळेबाहेरही विकली जातात. सेमीकंडक्टर, वैद्यकीय उपकरणे, अवकाश उद्योग, सगळ्यांना ती लागतात. त्यासाठी लागणारे शिक्षण नांदेडला आहे : १९८१ पासूनचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. म्हणून उद्योगाची जागा औंढा नव्हे, तर नांदेड, हिंगोली, लातूरच्या औद्योगिक वसाहती.

काय करायला हवे?

वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याआधीच परिसरातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत निर्वात तंत्रज्ञान व अचूक वेल्डिंगचे अभ्यासक्रम सुरू व्हावेत. छोट्या उद्योजकांना भाड्याने वापरता येईल अशी चाचणी प्रयोगशाळा नांदेडला हवी. सुट्या कामांच्या निविदा इथल्या कार्यशाळांना पेलतील एवढ्या आकाराच्या असाव्यात. हे झाले नाही, तर यंत्रे बाहेरून येतील, तंत्रज्ञही बाहेरून येतील आणि मराठवाड्याच्या वाट्याला सुरक्षारक्षकाची नोकरी तेवढी उरेल.