कडेवरचा संगणक

आमच्या क्षेत्रात (म्हणजे संगणकासमोर बसून पाट्या टाकण्याच्या) दर चार-पाच वर्षांनी एक नवा शब्द येतो आणि मग लग्नसराईतल्या बँडसारखा जिकडेतिकडे तोच वाजत राहतो. गेली काही वर्षं 'एज कॉम्प्युटिंग' वाजतंय. कारखान्यात एज, दवाखान्यात एज, शेतात एज, दुकानात एज. मराठीत कुणी त्याला 'सीमावर्ती संगणन' म्हणतात, पण ते वाचून मला उगाच बंदूकधारी जवान आठवतात. मी आपलं कडेवरचं संगणन म्हणतो. का, ते पुढे येईलच.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण 'क्लाऊड' म्हणतो तो ढगबिग नसून कुठल्यातरी गावातली, वातानुकूलित यंत्रांनी भरलेली प्रचंड गोदामं असतात. आपल्याकडे त्यातली बरीचशी ऐरोली-पवई पट्ट्यात आहेत. तुमच्या हातातलं यंत्र काही विचारतं, तो प्रश्न तारेतून गोदामात जातो आणि उत्तर परत येतं. आता काचेच्या तारेतून प्रकाशसुद्धा सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला सरळ रेषेत मोजलं तरी तेरा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद गेलेच, मग तुम्ही कितीही पैसे ओता. शिवाय तार तुटली तर सगळंच बोंबललं. म्हणून आकडेमोड जिथे माणूस किंवा यंत्र उभं आहे तिथेच, निदान त्याच्या जवळपास करावी, असा हा विचार. कार्नेगी मेलन विद्यापीठातले महादेव सत्यनारायणन यांनी २००९ साली 'क्लाऊडलेट' या नावाने तो नीट मांडला. त्याआधी १९९८ साली निघालेल्या अकामाईने संकेतस्थळांच्या प्रती जगभर ठिकठिकाणी ठेवायचा धंदा सुरू केला होताच. कल्पना उत्तम आहे. तिच्याशी माझं काही भांडण नाही.

भांडण आहे ते तिच्यासोबत विकल्या जाणाऱ्या एका वाक्याशी. कुठल्याही परिषदेत जा, सूटबूटवाला माणूस सांगणार, "एज म्हणजे विकेंद्रीकरण!" जणू ग्रामस्वराज्यच आलं. मग पडद्यावर गार्टनरचं ते भाकीत येणार. कंपन्यांचा जेमतेम १० टक्के डेटा डेटा सेंटरबाहेर तयार होऊन तिथेच हाताळला जातो, तो २०२५ पर्यंत ७५ टक्के होईल, हे २०१८ सालचं. २०२५ आलं आणि गेलंही. हिशोब करायला मात्र कुणी थांबलेलं दिसत नाही, स्लाइड पुढच्या परिषदेला गेली.

मला हे विकेंद्रीकरण साफ अमान्य आहे. आईच्या कडेवरचं मूल गावभर हिंडतं, बाजार बघतं, जत्रा बघतं, पण त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. आई वळेल तिकडे ते वळणार. आजचं बहुतेक 'एज' हे असं कडेवरचं आहे. यंत्र तुमच्याजवळ आलं, पण ठरवणारा जिथे होता तिथेच राहिला.

उदाहरणं द्यायची तर अ‍ॅमेझॉनचं आऊटपोस्ट घ्या. २०१९ च्या डिसेंबरपासून ते विक्रीला आहे. 'विक्रीला' हा शब्दही चुकलाच म्हणा. तुमच्या इमारतीत, तुमच्या विजेवर, तुमच्या कुलपाआड त्यांचं एक कपाट उभं राहतं. मालकी त्यांची, तुम्ही मुदतीचे पैसे भरायचे. आणि त्या कपाटाला आपल्या मूळ केंद्राशी तारेने जोडलेलं राहावं लागतं. तार तुटली तर आत चालू असलेली कामं चालू राहतात, पण नवं काही सुरू करायचं तर केंद्र लागतं. घरात ठेवून घेतलेला पाहुणा, जो प्रत्येक गोष्ट माहेरी विचारून करतो!

क्लाऊडफ्लेअर तर एजचा अवतारच. जगातल्या तीनशेहून जास्त शहरांत त्यांची यंत्रं. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्यांच्या एका डेटाबेसच्या परवानग्यांत बदल झाला, त्यामुळे एक फाईल तिच्या नेहमीच्या आकाराच्या दुप्पट झाली आणि ती फाईल इमाने इतबारे सगळ्या शहरांतल्या सगळ्या यंत्रांवर पोचली. चॅटजीपीटी, एक्स आणि आणखी बरंच काही काही तास आडवं. त्याआधी १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बघा, यातलं प्रत्येक यंत्र 'कडेला'च होतं. लाखो कडा, आणि सगळ्यांना एकच दोरी.

गंमत म्हणून अजून एक. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनचं व्हर्जिनियातलं केंद्र कोलमडलं, तेव्हा अमेरिकेत काही लोकांचे महागडे 'स्मार्ट' पलंग अडकून बसले. कुणाची गादी तापलेली ती गार होईना, कुणाची पाठीकडची बाजू खाली येईना. झोपायला केंद्राची परवानगी!

पलंगवाल्यांची मला फारशी दया येत नाही. ट्रॅक्टरवाल्यांची येते. जॉन डिअरची फवारणी यंत्रं हा एज कॉम्प्युटिंगचा खरोखर सुंदर नमुना आहे. चालत्या यंत्रावरचे कॅमेरे तण ओळखतात आणि तेवढ्यावरच औषध मारतात, सगळा विचार जागच्या जागी. एवढं हुशार यंत्र, पण बिघडलं तर शेतकऱ्याने स्वतः उघडून दुरुस्त करावं म्हटलं की सॉफ्टवेअर अडवतं. त्यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर दावाच ठोकला. २०२२ साली युक्रेनच्या मेलिटोपोलमधून रशियन सैनिकांनी याच कंपनीची यंत्रं पळवून चेचन्यापर्यंत नेली, तर ती दुरूनच बंद पाडण्यात आली. तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. मीही म्हटलं, बरं झालं. पण जे चोराचं यंत्र दुरून बंद पाडता येतं, ते मालकाचंही पाडता येतं, हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. याच कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीला तयार होतात. आपले साधे आहेत अजून. अजून.

असो. हे सगळं परदेशी आणि पैसेवाल्यांचं झालं. माझा खरा राग वेगळ्या ठिकाणी आहे.

रेशनच्या दुकानातलं ते मशीन तुम्ही पाहिलंय का? ई-पॉस म्हणतात त्याला. बाई अंगठा ठेवते, ठसा सांकेतिक होऊन आधारच्या मध्यवर्ती भांडाराकडे जातो, तिथून 'हो' किंवा 'नाही' येतं, आणि मग तांदूळ. माझ्या मावशीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण 'सर्वर नाय' हे दोन शब्द तिला पाठ आहेत. आज सर्वर नाय, उद्या ये. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा 'उद्या' म्हणजे एक बुडालेला दिवस असतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या कोटडा भागात तर सिग्नलसाठी दुकानदार मशीन घेऊन झाडावर चढत असल्याच्या बातम्या २०१६ साली छापून आल्या होत्या. २०१८ साली आधारच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयातच सांगितलं, की सरकारी सेवांसाठीची पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. उरलेल्या १२ टक्क्यांत नेटवर्कही आलं आणि काम करून झिजलेली बोटंही आली.

आता जरा हिशोब करू. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटात माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदयात कुटुंबाला ३५ किलो. गावातल्या एका दुकानाला जोडलेली काही शे कार्डं. एवढी यादी आणि महिनाभराची नोंद मावायला किती जागा लागते? तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. म्हणजे हे मशीन स्वतःच्या स्वतः ठरवू शकतं. त्याला ठरवू दिलेलं नाही, इतकंच.

आणि ठरवू देणं आपल्याला नवीन आहे का? एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयाला फोन लावत नाही. घाटात, पावसात, रेंज असो-नसो, तो तिकीट देतो आणि डेपोत आल्यावर वेबिल जुळवतो. कमी पडले तर त्याच्याकडून भरून घेतात. दूध संस्थेत सकाळी सहाला कॅन घेऊन गेलेल्या माणसाला फॅट किती लागलं त्याची चिठ्ठी तिथल्या तिथे मिळते. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे करतोय, फक्त त्याला नाव इंग्रजी नव्हतं आणि त्यावर परिषदा भरत नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, धान्याचा काळाबाजार होतो, म्हणून हे केलं. मान्य आहे. खोटी कार्डं होती, दुकानदार धान्य खात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोटांचे ठसे गावोगावच्या मशीनमध्ये साठवू नयेत, हेही मला शंभर टक्के पटतं. आणि मजूर दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी त्याला तिथे धान्य मिळायचं तर मध्यवर्ती नोंद हवीच. पण यातल्या कशासाठीही दर वेळी, त्याच क्षणी केंद्राचा होकार लागत नाही. कार्डावर चिप ठेवा, ओळख चिप आणि मशीन आपसात पटवतील. आधारच्या क्यूआर कोडमध्ये फोटो आणि डिजिटल सही असते, तो तारेशिवाय तपासता येतो. नोंद रात्री वर पाठवा. फार तर काय होईल? एखाद्याने दोन दुकानांतून महिन्याचं धान्य उचललं, तर पुढच्या महिन्यात कापता येईल.

आणि हा धोका आपण पत्करत नाही असंही नाही! २०२२ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने ऑफलाइन पेमेंटचे नियम काढले. एका वेळी २०० रुपये, एकूण २,००० पर्यंत, केंद्राला न विचारता. पुढे मर्यादा वाढल्यासुद्धा. मेट्रोच्या फाटकाला कार्ड टेकवलं की फाटक आणि कार्ड आपसातच ठरवतात आणि तुम्ही पलीकडे. कारण ऑफिसला जाणाऱ्यांची रांग तुंबली तर ओरडा होतो. मेट्रोच्या प्रवाशावर दोन हजारांपर्यंत विश्वास, आणि मावशीवर पंचवीस किलो तांदळापुरतासुद्धा नाही. हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही हो. तंत्रज्ञान खिशात पडलंय.

नेटफ्लिक्स आपल्या सिनेमांच्या पेट्या इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांकडे फुकट ठेवायला देतं, गेली दहा-बारा वर्षं. का, तर बघताना चक्र फिरू नये. थोडक्यात सिनेमा कडेपर्यंत पोचला, ट्रॅक्टर पोचला, पलंग पोचला. धान्याच्या वेळी मात्र चक्र फिरतं आणि त्याला आपण पारदर्शकता म्हणतो. कागदोपत्री सोय आहे, बरं का. पडताळणी झाली नाही तरी धान्य नाकारू नये, अपवाद म्हणून वहीत नोंद करून द्यावं, असं केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कळवलंय. पण त्या वहीत लिहिलं की उद्या चौकशी आपलीच होईल, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. तो कशाला लिहील? 'सर्वर नाय' म्हटलं की कुणाचीच जबाबदारी नाही.

म्हणून माझी मागणी अगदी टेंडरच्या भाषेतली आहे. यापुढे रेशनसाठी मशीन घेताना एकच कलम वाढवा. विकणाऱ्याने ते मशीन एखाद्या दुकानात तार आणि सिमकार्ड काढून तीन दिवस चालवून दाखवायचं. वाटपाच्या आठवड्यात, खऱ्या रांगेसमोर. चौथ्या दिवशी हिशोब वर पाठवून जुळवायचा, फरक आला तर तो कुठे आला ते दाखवायचं. त्या तीन दिवसांत एकही बाई रिकामी पिशवी घेऊन परत गेली, तर मशीन परत घेऊन जा, पैसे मिळणार नाहीत.