दहा दिवस, दहा साड्या आणि आपला 'उपभोग'



पर्युषण जवळ आलं की मोबाइलवर एक यादी फिरू लागते. उत्तम क्षमेला पांढरा, मार्दवाला पिवळा, आर्जवाला हिरवा, असं करत ब्रह्मचर्यापर्यंत दहा रंग. खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'सर्वांनी सहकार्य करावे'. आज मला या यादीविरुद्ध बोलायचंय. कुणाला राग आला तर आधीच सांगते, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मंडळासाठी अशीच यादी मी स्वतः केली होती. त्यामुळे या लेखात जे बोट दाखवलंय ते आधी माझ्याकडे आहे.

त्या वर्षी आम्ही सगळ्या फार खूश होतो. रोज पूजा झाली की मंदिराच्या पायऱ्यांवर एका रंगात फोटो. पाहुण्यांनी कौतुक केलं, पुण्याच्या नणंदेनं 'आमच्याकडेही करू' म्हटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या गल्लीतल्या एक काकू दिसत नाहीत. दशलक्षणात त्या कधी चुकत नाहीत. आजारी असतील म्हणून घरी गेले, तर बाई शिलाई मशीनवर बसलेल्या. पुढ्यात ढीग होता आमच्याच साड्यांचा. फॉल-पिकोला आम्हीच दिलेल्या.

विचारलं तर म्हणाल्या, "माही साडी येगळी दिसते ना माय, फोटो खराब होते तुमचा. म्हणून सकायीच दर्शन करून येतो."

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. साधेपणानं म्हणाल्या, आणि पुन्हा मशीन सुरू केली. आमच्या दहा रंगांना फॉल लावणाऱ्या बाईला त्याच दहा रंगांनी मंदिराबाहेर काढलं होतं, आणि ते मी केलं होतं.

आपल्या रिठदसारख्या गावात भाद्रपद म्हणजे काय दिवस असतात ते तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये बी-खताला पैसा गेलेला असतो. सोयाबीन अजून शेतात उभं. हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. दुकानदाराच्या घरीही तेच, कारण गिऱ्हाइकाची उधारी तेव्हाच वसूल होते. घरात सगळ्यात कमी पैसा असतो नेमक्या त्या पंधरवड्यात आपण बाईला सांगतो, दहा रंग आण. 'साडी काय, चारशेची मिळते' असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. त्यावर ब्लाऊजचं कापड, अस्तर, शिलाई, फॉल. साडीइतकाच खर्च पुन्हा. आणि दहानं गुणा.

आता कुणी म्हणेल, हा धर्माचा भाग आहे. नाही, मैत्रिणींनो. नवरात्रातले नऊ रंग आठवा. ते कुठल्या पोथीतून आलेले नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सनं ती रंगांची टूम लोकप्रिय केली, रंग वारावरून ठरले, आणि बघता बघता ऑफिसं, लोकल, बँका सगळीकडे पसरली. वर्तमानपत्रानं वाचकांसाठी काही गंमत केली तर करू दे. पण ती उचलून आपण दशलक्षण धर्माला चिकटवली, हे आपलं काम आहे. नववा दिवस आकिंचन्याचा. 'माझं काही नाही' या भावनेचा. त्या दिवसासाठी आपण नवी साडी विकत आणतो!

शास्त्रात बघायचं तर उलटंच सापडतं. स्वाध्यायात आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण कपाट उघडताना आठवत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितलेत, म्हणजे त्या व्रताला कुठं डाग लागतो ते. शेत-घर, चांदी-सोनं, धन-धान्य, दासी-दास या जोड्या झाल्या की शेवटी एकच शब्द येतो, कुप्य. टीकाकार त्याचा अर्थ सांगताना सुती, रेशमी वस्त्रंच मोजतात. म्हणजे शेत आणि सोनं यांच्या रांगेत आपल्या साड्यांचं कपाटही उभं आहे. आपण जमिनीची मर्यादा घेतो, सोन्याची घेतो. साड्यांची कुणी घेतली आहे?

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त लागली. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्य भोग आणि उपभोग यांतला फरक सांगतात. एकदा भोगून टाकून द्यायचं तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरायचं तो उपभोग, जसं वस्त्र. किती साधी व्याख्या आहे! वस्त्र म्हणजेच पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू. आणि आपण काय बोलतो? "ही साडी फोटोत येऊन गेली, आता परत कशी नेसू?" ज्या क्षणी आपण असं म्हणतो त्या क्षणी वस्त्राचं आपण अन्न केलं. खाल्लं, ताट उचललं. तीच साडी पुन्हा नेसण्यात लाज नाही, व्याख्येप्रमाणे तोच तिचा धर्म आहे.

रेशमाचं तर काय बोलावं. आपण रात्री खात नाही, कंद खात नाही, पाणी गाळून पितो. आणि विधानाला बसताना 'शुद्ध' म्हणून रेशमी साडी नेसतो. आपल्या जिल्ह्यातही तुती लावून कोष घेणारे शेतकरी आहेत, त्यामुळे काम कसं चालतं ते कुणालाही विचारता येईल. पतंग कोष फोडून बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून तो आत असतानाच कोष वाफेनं किंवा गरम हवेनं तापवतात. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण सहा ते आठ किलो कोष लागतात, आणि एक कोष भरतो जेमतेम दोन ग्रॅम. एका साडीमागे जीव किती, ते तुम्हीच काढा. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, तो पोटासाठी करतो. आपण कशासाठी करतो?

२०२२ चा चातुर्मास आचार्य विद्यासागर महाराजांनी आपल्या शिरपूरला केला. आपण सगळ्या गेलो. त्यांच्या प्रेरणेनं ठिकठिकाणी हातमाग केंद्रं उभी राहिली, सागरच्या कारागृहातले बंदीसुद्धा हातमागावर कापड विणू लागले. हातानं विणलेलं सुती कापड हा महाराजांच्या जिव्हाळ्याचा विषय. आणि त्यांच्या दर्शनाला मी स्वतः रेशमी साडी नेसून गेले होते. तेव्हा काही वाटलं नाही. आता आठवलं की मान खाली जाते.

"म्हणजे आम्ही नटायचंच नाही का?" हा प्रश्न येणार, येऊ द्या. तसं मी म्हणत नाही. आपण श्राविका आहोत, आर्यिका नाही. आर्यिका माताजींच्या अंगावर एक पांढरी साडी असते आणि केस त्या स्वतःच्या हातानं उपटतात. ती उंची त्यांची. आपण संसारातल्या बायका, नीटनेटकं राहावं, छान दिसावं असं वाटणारच. माझं भांडण नटण्याशी नाही. नवं दिसण्यासाठी नवं विकत घ्यावंच लागतं, या समजुतीशी आहे. आणि सगळ्यांनी एकसारखंच दिसायचं, या सक्तीशी आहे.

"एका रंगानं एकी दिसते" असंही म्हणतात. जी एकी एका बाईला पहाटे एकटीनं दर्शन घ्यायला लावते, ती फक्त फोटोत दिसते.

नवं दिसायचंय ना? मग कपाटापासून सुरुवात करा. साडी सहसा कुठं फाटते? पायाशी निऱ्या घासतात तिथं आणि खांद्यावर पिन लागते तिथं. पदर आणि काठ बहुधा शाबूत असतात. साडी असते साडेपाच मीटर. फाटका भाग काढला तरी एक कुर्ता आणि ओढणी सहज निघते, नाहीतर नातीला परकर-पोलकं. घट्ट झालेला ब्लाऊज टाकू नका. शिंप्यानं बाजूच्या शिवणीत कापड दाबून ठेवलेलं असतं, ते उसवून ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा आणि अर्धा-पाऊण इंच सोडून पुन्हा टीप मारा. त्यानंही भागलं नाही तर बगलेत त्याच रंगाची छोटी चौकोनी पट्टी जोडा, हात वर केला तरच दिसते. बाही आखूड वाटली तर जुन्या साडीचा काठ लावा. साधी सुती साडी आणि तिच्यावर हा असा काठाचा ब्लाऊज, सांगते, दुकानातून आणलेल्या दहा साड्यांत उठून दिसतो. अगदी विरलेल्या सुती साड्यांची गोधडी. फक्त पाणी गाळायच्या गाळण्याला जुनं कापड घेऊ नका, तिथं घट्ट आणि नवंच हवं.

काही जणींना शिवणकाम कमीपणाचं वाटतं. 'आमच्या घरात कुणी शिवत नाही' असं मान वर करून सांगतात. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जगण्यासाठी सहा कामं शिकवली, असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. दुकान ज्या यादीत आहे त्याच यादीत हातचं काम आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला तो विधवा आणि निराधार बहिणींनी शिकून आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. आपल्यातल्या कितीतरी घरांत एखाद्या आजीनं मशीनच्या जोरावर मुलं शिकवलीत. त्या मशीनवर आता आपण कपड्यांच्या घड्या ठेवतो.

केसांचंही तेच. लग्नसराई आली की सगळ्या केराटिन करायला निघतात. हे केराटिन बहुतेक वेळा लोकर, पिसं, खुरं यांपासून काढलेलं असतं, आणि केस सरळ करायच्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, जी डोळ्यांना आणि छातीला बरी नाही. लाल लिपस्टिकमधला कार्माइन रंग तर किडे वाळवून केलेला असतो. नावातच रिठा ऐकू येणाऱ्या गावात राहून आपण हे विकत आणावं?

चार-पाच रिठे फोडून बिया काढा, मूठभर शिकेकाई आणि थोडा आवळा घ्या. रात्रभर भिजत घालणं आपल्यात चालत नसेल तर सकाळीच गाळलेल्या पाण्यात चांगलं उकळा, कोमट झालं की कुस्करून गाळा. फेस शाम्पूइतका येत नाही, पण मळ निघतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. पांढरे केस काळे करायचेत की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी सोडून दिलंय. नीट विंचरलेला पांढरा अंबाडा आणि त्यावर स्वतः शिवलेला ब्लाऊज, यापेक्षा पन्नाशीच्या बाईला आणखी काय शोभतं?

म्हणून यंदा माझ्यापुरतं ठरवलंय आणि तुमच्यापुढे ठेवते. मी रंगांची यादी करणार नाही, आली तर पुढे पाठवणार नाही. दहा दिवसांत एकही नवं वस्त्र अंगाला लावणार नाही. पूजेला सुतीच नेसेन. आणि साड्यांच्या संख्येचं परिमाण घेणार आहे. आकडा मंदिरात सांगेन, इथं मिरवणार नाही. तुम्हाला यातलं जे झेपेल ते घ्या, पण पहिलं तरी घ्याच. त्याला पैसा लागत नाही.

पर्युषणाआधीच्या दुपारी माझ्या घरी मशीन मोकळी आहे. एक जुनी साडी, एक घट्ट ब्लाऊज घेऊन या. त्या काकूंना शिकवायला बोलावलंय, आणि त्यांना शिकवण्याचे पैसे द्यायचे, हे आधीच सांगते. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. 'पाहतो' म्हणाल्या.

त्या वर्षी क्षमावाणीला मी त्यांच्याकडे गेले होते. हात जोडले, 'उत्तम क्षमा' म्हटलं. त्यांनीही म्हटलं, चहा दिला. पण क्षमा कशाची मागतेय ते माझ्या तोंडून निघालं नाही. आज लिहिलंय. यंदा पूजेला त्या माझ्या शेजारी बसल्या, आणि आम्हा दोघींच्या साड्यांचे रंग वेगवेगळे असले, तर माझं पर्युषण झालं.

जय जिनेंद्र.