अंधार कोणाच्या वाट्याला?



पुण्यात विजेवर चर्चासत्र भरले की त्यात एक आरोपी ठरलेला असतो. तो सभागृहात हजर नसतो, कारण त्या वेळी तो रात्रपाळीची वीज येईल म्हणून विहिरीवर बसलेला असतो. आरोपपत्र सर्वांना तोंडपाठ आहे. शेतकरी फुकट वीज उपसतो, त्याच्यामुळे वीज कंपनी तोट्यात जाते, म्हणून कारखान्यांना जादा दर लावावा लागतो आणि देशाची ऊर्जासुरक्षा धोक्यात येते. चहा होतो, टाळ्या होतात, आरोपी दोषी ठरतो. आज या आरोपीचे वकीलपत्र आम्ही घेत आहोत.

'ऊर्जासुरक्षा' या शब्दाचा अर्थ पुरेशी, खात्रीची आणि परवडणारी ऊर्जा, असे तज्ज्ञ सांगतात. अर्थ बरोबर आहे. फक्त ती कोणाला, हे सांगायचे राहून जाते. तुटवडा सगळ्यांना सारखा कधीच येत नाही. तुटवडा आला की कोणीतरी खुर्चीत बसून ठरवते, की अंधार कोणाच्या घरी धाडायचा. हे ठरवणे म्हणजेच ऊर्जेचे धोरण. बाकी सगळे तारा आणि खांब.

पुण्याच्या वायव्येला सेनापती बापट रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी काचेच्या इमारती, आत बारमाही थंड हवा. ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले, ते सेनापती बापट १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले होते. टाटांना मुळशीला धरण बांधायचे होते. बावन्न गावांची जमीन त्यात जाणार होती. भाताची खाचरे बुडवून जी वीज तयार होणार होती, ती मुळशीसाठी नव्हती, पुण्यासाठीही नव्हती. ती मुंबईसाठी होती, तिथल्या गिरण्यांसाठी होती. म्हणजे गिरणीत सूत निघणार तुमच्या-आमच्या आजोबांच्या कापसाचे, चात्या फिरणार मावळातल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर, आणि दोघांच्याही झोपडीत रॉकेलची चिमणी. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झाले.

ज्वारीवाल्यांनी या गोष्टीचा पुढचा भाग ऐकावा. मुळशीचे पाणी मुळेचे. मुळा भीमेला मिळते, भीमा सोलापूरकडे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला हा पाऊस पूर्वेला यायचा, तो टाटांच्या धरणांनी अडवून बोगद्यातून पश्चिमेला कोकणात सोडला, कारण घाटाच्या उतारावरून पाणी पाडले की वीज होते. असे वळवलेले पाणी वर्षाला चाळीस टीएमसीच्या आसपास आहे. त्या वेळी तो निर्णय कोणाला शहाणपणाचा वाटला असेल. आज कोळसा, वायू, अणू, सूर्य यांपासून वीज करता येते. भीमेचे पाणी मात्र दुसऱ्या कशापासून करता येत नाही. तरी ते पश्चिमेलाच जाते, आणि मंगळवेढ्याचा शाळू भेगाळलेल्या काळ्या रानात ओलीवर जगतो. ऊर्जेची एकदा केलेली निवड शंभर वर्षे हटत नाही, म्हणून निवड होत असतानाच बोलले पाहिजे.

दुसरे उदाहरण दाभोळचे. १९९३ साली एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार झाला. तुटवडा आहे, वाटेल त्या भावाने वीज घेतली पाहिजे, असे तेव्हा सांगितले गेले. इंधन परदेशी, हिशेब डॉलरशी बांधलेला, आणि वीज उचला न उचला, मोठी रक्कम भरायचीच. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला, २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणे बंद केले, कारण परवडेना. सुरक्षेच्या नावाने केलेला सौदा दोन वर्षांत अंगावर आला. त्या सौद्यात शेतकऱ्याचा हात कुठे होता, हे चर्चासत्रवाल्यांनी आम्हांला दाखवावे.

आता पुण्याकडे येऊ. दाभोळनंतरच्या वर्षांत राज्यात विजेची टंचाई वाढत गेली. २००५-०६ च्या सुमारास खेड्यात बारा-बारा तास भारनियमन होते. कपातीची वाटणी करण्याचा नियमही ठरला: ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. शेतीपंपाच्या फीडरचा नंबर त्यात कायम तळाला. पुण्यालाही काही तास वीज जाई, आणि पुण्याने आरडाओरडा केला. मग २००६ मध्ये तोड निघाली. शहराला तूट होती नव्वद मेगावॉटच्या आसपास. पुण्यातल्या मोठ्या कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती. त्यांनी टंचाईच्या वेळी ती चालवावी, तेवढी मंडळाची वीज शहराला सोडावी, आणि महागड्या इंधनाचा फरक पुणेकरांनी भरावा. महिना ३०० युनिटांच्या वर वापरणाऱ्या घराला युनिटमागे चाळीसएक पैसे जादा. नियामक आयोगाने मंजुरी दिली आणि पुणे भारनियमनमुक्त झाले. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचे कौतुक झाले.

आमची त्यावर तक्रार नाही. पुणेकरांनी पैसे मोजले आणि अंधार टाळला, यात गैर काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. हा सौदा शेतकऱ्याला कोणी विचारला का? 'थोडे जादा पैसे भर, दिवसा आठ तास पूर्ण दाबाने वीज देतो,' असे आपल्या गावात येऊन कोणी म्हटले का? पुणेकराला विचारले, की पैसे देतोस का? शेतकऱ्याला न विचारताच सांगितले, की फुकट घे. फुकट दिले की मग वेळ विचारायची नाही, दाब विचारायचा नाही, जळालेले रोहित्र किती दिवसांत बदलणार ते विचारायचे नाही. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. इथे तर गाय रात्री दोन वाजता दारात आणून बांधतात.

शेतकऱ्याला पैसे भरायचेच नसतात, असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिट घेते. युनिटला पूर्ण किंमत म्हणून आठ रुपये धरले तरी तासाला बत्तीस रुपये. वीज नसली की तोच शेतकरी डिझेल इंजिन लावतो. ते तासाला लिटरभर पिते. लिटरला नव्वद रुपये धरा. म्हणजे जो माणूस नव्वद रुपये मोजतो आहे, त्याला बत्तीस रुपये परवडत नाहीत, असे पुण्यातले विद्वान आपल्याला शिकवतात. तो नव्वद का मोजतो? कारण कापसाची बोंडे भरताना ओल तुटली की एक पाणी वेळेवर मिळाले तर पीक हाती लागते, आणि शाळूला पोटरीत किंवा फुलोऱ्यात एक पाणी बसले तर कणीस आणि कडबा दोन्ही सुधारतात. आठ दिवस उशिरा दिलेले तेच पाणी वाया जाते. शेतीशास्त्र शिकलेला कोणीही हे सांगेल. कोरडवाहू शेतकऱ्याला वीज थोडीच लागते, पण ठरल्या दिवशी लागते. आणि त्याला नेमकी तीच मिळत नाही: एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री, त्यातही मधे बिघाड. रात्रीच्या बाऱ्याला विंचू-सापाची धास्ती, आणि जुन्नर-शिरूरकडे बिबट्याची.

फुकटाचा इतिहासही बघा. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर मोफत वीज जाहीर झाली, २००५ मध्ये मागे घेतली. २०२४ साली पुन्हा निवडणूक, पुन्हा मोफत: साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपये. आकडा ऐकून शहरवाल्यांचे डोळे पांढरे होतात. पण हा पैसा जातो कुठे? सरकारच्या तिजोरीतून वीज कंपनीच्या खात्यात. आणि तो ठरतो कसा? लाखो पंपांना मीटर नाही, असलेले कित्येक बंद. अश्वशक्ती मोजायची आणि वापर अंदाजाने लिहायचा. या अंदाजात काय काय दडते ते एकदा उघड झालेले आहे. विद्युत मंडळ वर्षानुवर्षे सांगत होते, की आमची गळती सतरा-अठरा टक्के आहे. नियामक आयोग आला आणि २००० साली पहिल्यांदा दर ठरवताना हिशेब तपासला गेला, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज कोणाच्या नावावर लिहिली जात होती? शेतीपंपाच्या. चोरी कुठल्याही गल्लीत होवो, नोंद आपल्या बांधावर. हा घोळ बाहेर काढण्यात पुण्याच्याच 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांचा मोठा वाटा होता, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात सगळेच चर्चासत्रवाले नाहीत.

आणि या बैठकीला येणाऱ्यांपैकी किती जणांना ही मोफत वीज मिळते? राज्यातला बहुतेक कापूस आभाळाच्या भरवशावर आहे. ज्याला विहीर नाही त्याला मोटार नाही, ज्याला मोटार नाही त्याला मोफत वीज म्हणजे वांझ म्हशीचे दूध. ज्याला विहीर आहे, तिच्यात दिवाळीनंतर दोन-तीन तासांचे पाणी. ज्याच्याकडे पाणी जास्त त्याला अनुदान जास्त, असे हे गणित आहे. शिव्या मात्र सरसकट सगळ्या शेतकऱ्यांना.

आता सूर्य आला आहे. दिवसा वीज देण्याचा मार्ग यातूनच निघेल, असे आमचे मत आहे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ पट्ट्या उभारायच्या, तीच वीज दिवसा फीडरवर सोडायची. दिशा बरोबर आहे. पण करार वाचा. वीज तयार करणाऱ्या कंपनीला युनिटला सुमारे तीन रुपये, पंचवीस वर्षे, लेखी. जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, तीही लेखी. उन्हाच्या पिकाला पंचवीस वर्षांचा भाव बांधून मिळतो! कापसाला हमीभावाचा कागद आहे, पण बाजारातल्या व्यापाऱ्यावर तो बंधनकारक नाही. उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वेचणी तोंडावर आली असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कंपनीला भावाची खात्री नसेल तर ती पैसा घालणार नाही, हे सरकारला समजते. शेतकरी खात्रीशिवाय पैसा घालतो, म्हणून त्याला खात्री द्यायची नाही.

'मागेल त्याला सौर पंप' मिळतो, दहा टक्के भरून. चांगले आहे. पण पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या पट्ट्या उन्हाच्या दिवसात वीसएक युनिट वीज करतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीला पाणीच चार महिने. उरलेले दोनशे दिवस त्या पट्ट्या ऊन खात उभ्या. दोनशे गुणिले वीस, चार हजार युनिट. तीन रुपयांनी बारा हजार रुपये. एका एकरातल्या ज्वारीतून खर्च वजा जाता इतके उरते का, आपले आपण सांगा. पण हा पंप तारेला जोडलेला नाही, म्हणून ती वीज विकता येत नाही. पुण्यात कोथरूडला बंगल्याच्या गच्चीवर पट्ट्या लावल्या तर सरकार ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते, मीटर दोन्ही बाजूंनी फिरते, जादा वीज बिलातून वळती होते. गच्चीवरचे ऊन माल आहे आणि बांधावरचे ऊन नुसतीच तलखी. कुसुम योजनेच्या एका भागात वैयक्तिक पंप तारेला जोडण्याची तरतूद कागदावर आहे; महाराष्ट्रात भर दिला गेला तो सुट्या पंपांवर आणि कंपन्यांच्या प्रकल्पांवर.

हीच गोष्ट इथेनॉलची. फलटणच्या निंबकर संस्थेने गोड ज्वारीवर कित्येक वर्षे काम केले. वर दाणा, ताटात साखरेचा रस, पाणी उसाच्या मानाने फार कमी. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. अडचणी खऱ्या आहेत: रस दिवसभरात आंबतो, कापणीचे दिवस थोडे, आणि ज्वारी तयार होते तेव्हा कारखाने बंद असतात. पण अडचणी उसालाही होत्या. त्या सोडवायला कर्ज, कारखाने आणि साखर संकुल उभे राहिले. कोरडवाहू पिकाच्या वाट्याला धोरणातली एक ओळ आली. पऱ्हाटीचेही तसेच. एकरी टन-दीड टन पऱ्हाटी निघते. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैविक इंधन जाळावे, असे केंद्राने २०२१ मध्ये ठरवले. गोळा करून, भुगा करून गोळ्या करणारे यंत्र तालुक्याला असेल तर पऱ्हाटीला भाव येईल आणि बांधावर रचलेल्या ढिगातली गुलाबी बोंडअळीही जाईल. नाहीतर ती पेटवायची किंवा चुलीत घालायची, आणि धुराबद्दल पुन्हा बोलणी खायची.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे ठराव येणार आहे तो असा. मोफत वीज परत घ्या. प्रत्येक पंपाला चालू मीटर लावा. दिवसा आठ तास, पूर्ण दाबाने वीज द्या आणि वाजवी दराने बिल पाठवा. जितके तास वीज दिली नाही तितक्याची भरपाई शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा. सौर पंप तारेला जोडा आणि उरलेली वीज कंपनीला देता त्याच भावाने घ्या. या ठरावाला आपल्यातूनच विरोध होईल, 'मिळतेय ते का सोडायचे' म्हणून. त्यांनी बोलावे, सभेत बोलावे.

येताना प्रत्येकाने गेल्या पंधरा दिवसांतली आपल्या फीडरची वही आणावी: तारीख, वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, दाब किती होता, रोहित्र जळाले असेल तर किती दिवस बंद होते. डिझेलच्या पावत्या असतील तर त्याही आणाव्यात. आकडे तालुकावार एकत्र करून रास्ता पेठेतल्या कार्यालयात आणि आयोगाच्या पुढच्या जनसुनावणीत मांडायचे आहेत.